फसलेल्या आंदोलनाचा हिशेब



या महिन्याच्या जिल्हा बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहावा विषय असा छापला आहे: 'खेडा खरेदी बंद आंदोलन मोडल्याबद्दल तालुकाप्रमुखांना पदावरून दूर करण्याचा विचार करणे.' हा विषय घ्यावा म्हणून कार्यालयात अकरा पत्रे आली. काही पत्रांवर गावभराच्या सह्या आहेत. एका पत्रात तर सरळ लिहिले आहे की हरलेला सेनापती पुन्हा घोड्यावर बसवू नये. पत्रे रागाने लिहिली आहेत आणि राग खरा आहे. म्हणून विषय आम्ही दडपला नाही, छापला. पण बैठकीला येण्याआधी त्याबद्दल चार गोष्टी बोलणे आम्हाला भाग आहे, कारण त्या हरण्यात आमचाही वाटा आहे.

काय झाले ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या हंगामात दिवाळीच्या तोंडावर एका तालुक्यातल्या चाळीस गावांनी हात वर करून ठराव केला. गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली एक किलोही कापूस द्यायचा नाही, असा तो ठराव होता. पहिले चार दिवस गावे कडकडीत राहिली. व्यापाऱ्यांच्या गाड्या वेशीवरून रिकाम्या परत गेल्या, आपल्या पोरांनी फटाके वाजवले. पाचव्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. आठव्या दिवशी रात्री माल निघू लागला. अकराव्या दिवशी ठराव कागदावर राहिला आणि कापूस पहिल्यापेक्षाही पडत्या भावात गेला, कारण दहा दिवस थांबलेला सगळा माल एकदम बाहेर आला आणि व्यापाऱ्याने ते ओळखले.

आठव्या दिवसाची एक गोष्ट पत्रांतून कोणी लिहिलेली नाही. ती लिहिली पाहिजे. एका गावी तीन एकरवाल्या एका विधवा बाईने घरातला कापूस रात्री मेटाडोरात भरला. आपली पोरे आडवी झाली. कोणी 'गद्दार' म्हणाले, कोणी गाडीच्या टायरची हवा सोडली. ती बाई ओरडली नाही, रडली नाही. तिने एवढेच विचारले, "भाऊ, उद्या बाजार हाये. वेचणाऱ्या बायांचे पैसे तुमी देता काय?" कोणाजवळ उत्तर नव्हते. तालुकाप्रमुख तिथेच उभे होते. त्यांनी पोरांना बाजूला सारले आणि स्वतः पंप मागवून टायरमध्ये हवा भरून दिली. दुसऱ्या दिवशी ते गाव फुटले. त्यांच्यावरचा मुख्य आरोप हाच आहे की 'त्यांनी हवा भरली.'

आता आमचा वाटा. ठरावाची तारीख तालुकाप्रमुखांनी ठरवलेली नव्हती, ती आम्ही ठरवली होती. जिल्हा कार्यालयात पंख्याखाली बसून ठरवली होती. पहिला वेचा घरात येतो तेव्हा आंदोलनाला जोर चढेल, असा आमचा हिशेब. तो हिशेब करताना आम्ही काय विसरलो ते पाहा. पहिल्या वेच्याच्या वेळी वेचणीची मजुरी दर आठवड्याला रोख द्यावी लागते. दिवाळी तोंडावर असते. कृषी सेवा केंद्राची उधारी दारात येऊन बसते. सरकारी खरेदी केंद्र अजून उघडलेले नसते, आणि उघडले तरी पहिल्या वेच्याच्या कापसात ओल जास्त असते. आठ टक्क्यांच्या वर ओलाव्याला भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की गाडी परत पाठवतात. म्हणजे व्यापाऱ्याला देऊ नका असे सांगताना, मग द्यायचा कुठे, याचे उत्तर आमच्या खिशात नव्हते. कापूसशास्त्र शिकलेल्या माणसाने ओलावा विसरावा! याला दुसरा कोणी दोषी नाही.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकत असताना प्रयोगाच्या वहीचा एक कडक नियम होता. प्रयोग फसला तरी नोंद करायची. पाऊस कधी पडला, उगवण किती झाली, कुठल्या वाफ्यात पाणी साचले, जनावर कधी शिरले, सगळे लिहायचे. फसलेल्या प्रयोगाची नोंद फाडून टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मास्तर नापास करत. हा नियम आम्हाला तेव्हा जाच वाटायचा. नोकरीत लागल्यावर त्याचा अर्थ कळला. नवीन असताना एका शेतकऱ्याच्या वावरात आम्ही कापसाचे प्रात्यक्षिक घेतले. वाण नवा, खताची मात्रा भरपूर, फलक लावलेला. बोंडे भरायच्या वेळी सगळी पराटी लाल झाली. लाल्या म्हणून आम्ही मॅग्नेशियमची फवारणी सांगितली, मग युरिया सांगितला, खर्च वाढवत गेलो. शेवटी शेजारचा म्हातारा म्हणाला, "सायेब, दीड हातावर मुरूम हाये इथं. पराटीनं पाय कुठं रोवावं?" आम्ही खड्डा खणून पाहिला. मुरूम दीड हातावरच होता. जमिनीची खोली न पाहता आम्ही शिफारस केली होती. त्या शेतकऱ्याचे वर्ष गेले. आमचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला झाला. त्यानंतर कुठल्याही वावरात आम्ही आधी कुदळ मागतो, पण संघटनेच्या कामात आल्यावर ही कुदळ आम्ही घरीच ठेवली होती असे आता दिसते.

'अपयश ही यशाची पायरी' असे शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असते. ते वाक्य आम्हाला कधीच पटले नाही. दुबार पेरणी करून पाहिलेल्या माणसाला ते पटणारच नाही. पहिली पेरणी उलटली म्हणून दुसरी साधेलच असे नाही. बियाणे तेच, जमीन तीच, घाई तीच, तर दुसरीही उलटते. अपयशातून पुढारी घडल्याची उदाहरणे आहेत, पण ती कशी घडली हे बघितले पाहिजे. शेतकऱ्यांच्याच लढ्यांतले एक उदाहरण आम्हाला माहीत आहे. ते शंभर वर्षांपूर्वीचे आहे आणि आपल्या शेजारच्या गुजरातेतले आहे, पण आणेवारीचे आणि कापसाचे आहे, म्हणून ते आपले वाटेल.

१९१७ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिके बुडाली. त्या काळच्या मुंबई इलाख्यात नियम असा होता की पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षाची शेतसारा वसुली तहकूब करायची. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या आत आहे. अधिकारी म्हणत होते त्याहून जास्त आहे. आज आपण पैसेवारीवर जे भांडतो, आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, आणि प्रत्येक वेळी पन्नास पैशांच्या अलीकडे की पलीकडे, तेच भांडण. २२ मार्च १९१८ ला नडियादला गांधीजींनी सत्याग्रह जाहीर केला. ज्याला देता येत नाही त्याने द्यायचा नाही, आणि ज्याला देता येतो त्यानेही गरिबासाठी थांबायचे, अशी शपथ होती. अहमदाबादेतली चांगली चाललेली वकिली बाजूला ठेवून वल्लभभाई पटेल या कामात उतरले. शेतकऱ्यांच्या लढ्यातली त्यांची ही पहिली शाळा.

सरकारने गुरे जप्त करून विकली, उभ्या पिकांवर जप्ती आणली. मोहनलाल पंड्या नावाच्या कार्यकर्त्याने गांधीजींच्या सांगण्यावरून एका जप्त वावरातला कांदा काढून नेला आणि तुरुंगात गेले. लोकांनी त्यांचे नाव कौतुकाने 'डुंगळीचोर' ठेवले. म्हणजे हिंमत होती, विनोदही होता. पण दोन-तीन महिन्यांत लोक थकले. काहींनी गुपचूप सारा भरला, काहींनी जप्तीला सोपी पडेल अशी वस्तू दारात ठेवून सुटका करून घेतली. शेवटी सरकारकडून अशी वाट निघाली की ऐपतदारांनी भरावे, गरिबांना तहकुबी मिळेल. जूनमध्ये लढा संपला.

इतिहासाच्या पुस्तकात खेडा हा विजय म्हणून शिकवला जातो. गांधीजींनी मात्र आत्मकथेत वेगळे लिहिले आहे. शेवट झाला पण आपल्याला आनंद झाला नाही, असे ते म्हणतात. का? गरीब कोण हे ठरवण्याचा हक्क लोकांच्या हातात यायला हवा होता, तो आला नाही. तो अधिकाऱ्याकडेच राहिला आणि तडजोडीचा लाभ जवळजवळ कोणाला मिळालाच नाही. लढा संपल्यावर लढणारा आधीपेक्षा बळकट व्हायला हवा, तशी खूण त्यांना तिथे दिसली नाही. सगळे जग हार घालत असताना पुढारी लिहितो आहे की यात एवढे कमी पडले. आपल्याकडे उलटे चालते. मोर्चाला दोनशे माणसे असतात आणि पत्रकात दोन हजार लागतात. हे या अंकाच्या संपादकांनीही केले आहे, गुन्हा कबूल.

त्याच उन्हाळ्यात गांधीजी पुन्हा खेड्यात गेले, या वेळी पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती करायला. ते बरोबर होते की चूक, हा वाद वेगळा, आणि आमच्या मते चूकच होते. पण लोकांनी काय केले ते बघा. साऱ्याच्या लढ्यात ज्या गावांनी फुकट बैलगाड्या दिल्या होत्या, एक स्वयंसेवक मागितला तर दोन दिले होते, त्याच गावांत आता भाड्यानेही गाडी मिळेना. गांधीजी आणि वल्लभभाई शिधा पिशवीत घालून पायी हिंडले. लोक विचारत, अहिंसा सांगणारे तुम्ही आम्हाला बंदूक घ्यायला कसे सांगता? गांधीजी त्या धावपळीत आमांशाने इतके आजारी पडले की जगतात की नाही असे झाले. पुढाऱ्यावर लोक प्रेम करतात ते कामापुरते करतात, सही करून कोरा चेक देत नाहीत, हे खेड्यातल्या कुणब्यांनी दोघांनाही गाडी नाकारून शिकवले. आमच्या त्या बाईने मेटाडोर भरून हेच शिकवले.

पुढल्या वर्षी, एप्रिल १९१९ मध्ये, रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळात गुजरातेत दंगे झाले. गांधीजी त्याच नडियादला आले आणि जाहीर सभेत म्हणाले की लोकांची तयारी न पाहता त्यांना कायदेभंगाला बोलावले ही आपली हिमालयाएवढी चूक झाली. लोक हसले. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. ज्यांना आज आपण मोठे म्हणतो त्यांनाही हसणारे होते, हे आपल्या तालुकाप्रमुखांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

मग १९२२. बार्डोली हा सुरत जिल्ह्यातला काळ्या मातीचा, कापसाचा तालुका. देशातला पहिला सामुदायिक कायदेभंग इथे करायचे ठरले. सगळी तयारी झाली आणि ४ फेब्रुवारीला संयुक्त प्रांतात चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणे पेटवले, २२ पोलीस मेले. १२ फेब्रुवारी १९२२ ला काँग्रेसच्या कार्यकारिणीने बार्डोलीतच ठराव करून आंदोलन थांबवले. जवाहरलाल, लाला लजपतराय यांच्यासारखे तुरुंगात असलेले लोक संतापले. बार्डोलीच्या शेतकऱ्याची तर भरल्या ताटावरून उठवल्यासारखी गत झाली. महिन्याभरात गांधीजी तुरुंगात गेले.

इथून पुढचा भाग आपल्या उपयोगाचा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. आंदोलन बंद झाले तरी काही कार्यकर्ते बार्डोलीतून हलले नाहीत. त्यांनी आश्रम काढले, चरखा शिकवला, शाळा चालवल्या, गावोगाव राहिले. सहा वर्षे. या काळात त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात फारसे काही आले नसेल. पण कोणत्या गावात कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाकडे किती जनावरे, कोण पहिल्या नोटिशीला घाबरेल आणि कोण शेवटपर्यंत टिकेल, ही जमिनीची खोली त्यांनी मोजून ठेवली.

१९२७ साली सरकारने बार्डोलीचा सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. युद्धानंतर कापसाचे भाव चढले होते, त्या तेजीचा आधार घेतला. भाव उतरले होते ते धरले नाही. (हेही ओळखीचे वाटेल.) शेतकरी वल्लभभाईंकडे गेले. वल्लभभाई तेव्हा अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते, मोठे नाव झालेले होते. त्यांनी लगेच हो म्हटले नाही. ४ फेब्रुवारी १९२८ ला ते आले, गावोगावच्या प्रतिनिधींना एकेक करून विचारले, तुझे गाव किती टिकेल, जमीन जप्त झाली तर काय करशील, बायको काय म्हणते. मग सरकारला पत्र लिहिले आणि लोकांना घरी जाऊन विचार करायला सांगितले. १२ फेब्रुवारीला, म्हणजे आंदोलन मागे घेतल्याला दिवसाचीही चूक न होता सहा वर्षे झाली त्या तारखेला, लढा सुरू झाला.

हा फरक बघा. आम्ही चाळीस गावांचे हात वर केलेले मोजले. वल्लभभाईंनी हात मोजले नाहीत. ज्वारीचे बी पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि चार दिवसांनी किती उगवले ते बघतो, तसे त्यांनी गावांचे केले. १३७ गावे आणि ८७ हजार लोकसंख्येचा तालुका त्यांनी छावण्यांत वाटला, प्रत्येक छावणीला जबाबदार माणूस नेमला, रोजची बातमी छापून गावोगाव पोचवली. जप्ती अधिकारी निघाला की नगारा वाजे आणि गाव दारे बंद करून म्हशींसकट घरात बसे. खेड्यात अधिकाऱ्याने एकेकट्याला गाठून वाकवले होते. बार्डोलीत तो कोणालाच एकटा सापडू दिला नाही.

वालोड गावी सुरुवातीलाच दोन व्यापाऱ्यांनी अधिकाऱ्याशी संगनमत करून जप्तीच्या निमित्ताने पैसे जाऊ दिले. गाव खवळले, बहिष्कार घाला म्हणू लागले. वल्लभभाईंनी लोकांना आवरले. एवढ्या सुरुवातीला कोणी कच्चा निघणारच, त्याला टेकू द्यायचा असतो, असे त्यांचे धोरण होते. हे शहाणपण त्यांच्याकडे जन्मतः नव्हते. दहा वर्षांपूर्वी त्यांनी खेड्यातली थकलेली माणसे जवळून पाहिली होती. ज्याने ती पाहिली नाहीत तो पुढारी टायरची हवा सोडतो.

ऑगस्ट १९२८ मध्ये सरकारने चौकशी मान्य केली, जप्त जमिनी परत करायचे ठरले, राजीनामे दिलेले पटेल-तलाठी पुन्हा घेतले. मॅक्सवेल आणि ब्रूमफील्ड या दोन अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. वल्लभभाईंना 'सरदार' म्हणू लागले ते इथूनच.

तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बार्डोलीच्या जमीनदार कुणब्यांच्या वावरात पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बांधलेले दुबळा जातीचे मजूर राबत, त्यांना 'हाळी' म्हणत. सारा कमी झाला तो जमीनवाल्याचा. हाळीच्या बांधिलकीला या तडजोडीने हात लावला नाही. म्हणजे इतक्या काळजीने ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतही एक पान कोरे राहिले. आमच्या ठरावाच्या वेळीही वेचणाऱ्या बाया कोणत्याच बैठकीला बोलावलेल्या नव्हत्या, आणि आंदोलन नेमके त्यांच्याच मजुरीपाशी अडले.

आपल्या महाराष्ट्रातलेही एक सांगतो. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला टपाल संघाची नोकरी करत होते. ती सोडून १९७६ ला परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शिकलेला माणूस, भांडवल जवळ, हिशेब पक्का, तरी शेती तोट्यात. दुसरा कोणी असता तर पाऊस नाही, मजूर नाही, नशीब नाही म्हणून गप्प बसला असता. त्यांनी खर्चाची आणि पट्टीची वही समोर ठेवली आणि तोटा पिकवण्यात नसून भावात आहे असे मांडले. या मांडणीशी सगळे सहमत नसतील, आम्हीही सगळीकडे नाही. पण शेतीमालाला रास्त भाव हा शब्द गावोगाव पोचला त्याच्या मुळाशी एका माणसाची तोट्यात गेलेली शेती आहे, आणि तिचा लिहून ठेवलेला जमाखर्च आहे.

आता आपल्या सहाव्या विषयाकडे. अपयशी माणसाला पदावर ठेवा असा सरसकट नियम आम्ही मागत नाही. दरवर्षी तोच खड्डा आणि तोच पाय असे चालले तर तो माणूस बदलला पाहिजे, त्यात दयामाया नको. पुढाऱ्याच्या अपयशाची एक अडचण अशी की त्याची फी दुसरे भरतात. आमच्या प्रात्यक्षिकात वर्ष गेले ते शेतकऱ्याचे. आंदोलन मोडल्यावर भाव पडला त्यात नुकसान झाले ते गावांचे, आमचे मानधन चालू राहिले. आम्ही शिकलो म्हणून नुसते समाधान मानणे हे लोकांच्या पैशाने पदवी घेऊन शहरात जाण्यासारखे आहे. ज्यांनी फी भरली त्यांना तो धडा लिहून परत मिळाला पाहिजे, पुराव्यासकट, आणि पुढल्या हंगामाच्या आत.

म्हणून आमची सूचना अशी आहे. तालुकाप्रमुखांना काढायचे की ठेवायचे यावर हात वर करण्याआधी त्यांना उभे करा आणि विचारा: त्या अकरा दिवसांत कोणते गाव कोणत्या दिवशी फुटले, का फुटले, तुम्हाला ते आधी कधी कळले, आणि कळल्यावर तुम्ही काय केले? त्यांनी 'लोकच गद्दार' असे उत्तर दिले तर आम्ही स्वतः त्यांच्या विरोधात हात वर करू. त्यांच्याकडे गावनिहाय नोंद असेल, तर असा माणूस सोडणे आपल्याला परवडणार नाही; दुसरा आणला तर त्याला हे शिकवण्यासाठी पुन्हा चाळीस गावांचा कापूस मोजावा लागेल. आम्हाला त्यांच्या घरी नोंद दिसली आहे. शाळकरी मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर आहे. ती बैठकीत वाचायची की नाही हे त्यांनी ठरवायचे आहे, आम्ही आग्रह केलेला नाही.

टायरमध्ये हवा भरल्याच्या आरोपाबद्दल आमचे मत विचाराल तर, त्या अकरा दिवसांत संघटनेकडून एक काम बरोबर झाले ते तेवढेच. ती बाई आजही सभासद आहे. या वर्षीची वर्गणी तिने आखाडीच्या आधी भरली.

पुढच्या हंगामासाठी तीन कामे बैठकीतच वाटून घ्यायची आहेत, म्हणजे चर्चा नुसती एका माणसावर अडकणार नाही. पहिले, प्रत्येक गावात किती घरे पहिला वेचा पंधरा दिवस घरात ठेवू शकतात याची घरटी मोजणी. ज्या घरी जागा नाही, रोख नाही, तिथे तसेच लिहायचे, शरम नको. दुसरे, वेचणीच्या मजुरीपुरती उचल देता येईल असा गावनिधी किती गावांत उभा राहतो ते बघायचे. तिसरे, वेचणाऱ्या बायांना गावबैठकीला बोलावायचे आणि त्यांचे आधी ऐकायचे. ही मोजणी होईपर्यंत आंदोलनाची कोणतीही तारीख जिल्हा कार्यालयातून निघणार नाही. मोजणीत गावे कमी भरली तर यंदा आंदोलन करायचे नाही, केंद्र वेळेवर उघडण्याच्या मागणीवरच जोर द्यायचा. काहींना हे मिळमिळीत वाटेल. वाटू द्या.

सहावा विषय पुकारला की पहिले बोलणे आमचे राहील. तारीख कोणी ठरवली, कोणत्या दिवशी, कोणाला न विचारता, हे आम्ही लिहून काढले आहे. तीन पाने झाली आहेत. ती वाचून होईपर्यंत तालुकाप्रमुखांना कोणी प्रश्न विचारू नये एवढी विनंती आहे. बैठक सकाळी दहाला आहे. भाकरी बांधून आणावी, कारण दुपारच्या आत संपेल असे वाटत नाही.